ऐंशीला एक कमी

गुरुवार, ता. ९
दुपार, ठकू झोपली आहे

विहीणबाई,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन केला की "ठीक आहे, ठेवते" एवढंच ऐकू येतं. तेही इतक्या शांतपणे म्हणता की भांडायलाही जागा उरत नाही. म्हणून कागद घेतला. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई समोर आलेलं लिखाण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बाजूला ठेवणार नाही, हा माझा भरवसा आहे.

आधी आपल्या नातीबद्दल. ठकू बरी आहे, म्हणजे इथे ज्याला 'बरी' म्हणतात तशी. आज मशीन लावून पन्नास दिवस झाले. त्या एका तापाने साडेपाच वर्षांच्या पोरीचं हृदय असं दमवलं की ते आता नुसतं साथीला आहे. खरं काम पोटाबाहेर लटकणारा तो पारदर्शक पंप करतो, तिच्याच मुठीएवढा. टक्, फुस्स. टक्, फुस्स. सुरुवातीला त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. आता तो ऐकू आला नाही असं वाटलं तर मीच उठते.

मोठ्या मशीनला तिने ठेवलेलं 'म्हैस' हे नाव आता सगळ्या मजल्याने उचललं आहे. काल मशीनवाला दादा स्वतःच म्हणाला, "आजी, म्हशीची वायर भिंतीला लावा, चार्जिंग संपत आलंय." ठकूने त्याला सांगितलं, "ती चरतेय, थांब." तुम्ही हव्या होतात.

तुम्ही आणलेल्या निळ्या कापडाचा फ्रॉक झाला. पुढून पूर्ण उघडणारा, पोटापाशी पंपासाठी खिसा, नळ्या बाहेर काढायला दोन काजं. शाळेत शिवणाच्या सिस्टर माझे टाके उसवायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा. तेव्हा मी त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. परवा शेवटचं काज करताना वाटलं, त्या असत्या तर त्यांना हा फ्रॉक दाखवला असता.

बाकी सगळ्याचा नुसता वैताग आहे. लिफ्ट दोन, त्यातली एक कायम दुरुस्तीला. त्याच फॉर्मवर तेच पाच प्रश्न, दर आठवड्याला नवा माणूस घेऊन येतो. 'नातेवाइकाचे नाते' असा एक रकाना आहे. नात्याचं नातं म्हणजे काय लिहायचं, सांगा. हृदय कधी मिळेल विचारलं की बघू. तिला खाली कधी नेता येईल, बघू. खिडकीचा पडदा बदलून द्याल का, बघू. इथे 'बघू' हा शब्द पंख्यासारखा दिवसभर डोक्यावर फिरत असतो.

आता मुद्दा. तळमजल्यावरच्या काचेच्या हौदात एक लाल मासा आहे. तुमच्या सुनेने, म्हणजे माझ्या लेकीने, मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणला आणि तेव्हापासून ठकूने मासा लावून धरला आहे. पण मजला सोडून खाली न्यायचं तर घरची दोन माणसं तयार हवीत, पंपाच्या परीक्षेत पास झालेली. म्हैस मध्येच बंद पडली तर एकाने हाताने पंप मारायचा, दुसऱ्याने म्हैस ढकलत धावायचं. लेक पास आहे. मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा घाई केली, दुसऱ्यांदा दीड मिनिटात मनगट गेलं. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी बे एके बे, बे दुणे चार म्हणत दोन मिनिटं न चुकता मारलात. मशीनवाला दादा म्हणाला होता, "आजी, तुम्हाला मशीनच्या जागी उभं करतो." तेव्हा मी हसले नव्हते. खरं सांगायचं तर चिडले होते.

दोन तारखेला जे झालं ते झालं. आकड्यांची गफलत कुणाच्याही हातून होते. मोठ्या सिस्टर म्हणतात की फेरपरीक्षा देऊन तुम्हाला परत घेता येईल. तेवढं मनावर घ्या. तुम्ही गेल्यापासून पाढे बंद पडले आहेत. ठकू मला म्हणाली, "गुडमॉर्निंगआजी, तू नको शिकवूस, मी पाढेआजीची वाट बघते." परवा तर तिने माझी एक चूकच काढली.

असो. ते पुढे कधीतरी. ती जागी होते आहे.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची विहीण


बुधवार, ता. १५

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. पाच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या आहेत की न बघता लिहू शकते. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोतीबिंदूची सुरुवात आहे. वर्षभर थांबलं तरी चालेल म्हणाले, मीच नको म्हटलं, सोमवारची तारीख घेतली. माझ्या डोळ्यांपायी पोरीचं हृदय दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेलं, आता मला बोलावू नका. ठकूला सांगा, पाचाचा पाढा अर्धा राहिलाय."

तुम्ही मला चार शब्द सुनावले असते तर मी त्याला उत्तर तयार ठेवलं होतं. ह्याला काय उत्तर देऊ?

डॉक्टर थांबा म्हणत असतील तर थांबावं माणसाने. ऑपरेशनची एवढी घाई कशाला? तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. माझा पाच वेळा हुकल्यावर तुम्ही सुई हातातून घेतलीत आणि एका झटक्यात ओवून दिलीत. तेव्हा कृपा करून सोमवार पुढे ढकला. कारण विचारू नका, ढकला.

इथली बातमी अशी की परवा सोमवारी सकाळी सांगितलं, कदाचित हृदय येतंय. पोरीला उपाशी ठेवलं. आंघोळ, रक्त, सह्या, पुन्हा रक्त. लेक हातात फोन घेऊन भिंतीला टेकून उभी होती. तुमचा मुलगा गाडी पकडायला निघालासुद्धा. चार वाजता एक शिकाऊ डॉक्टर आला आणि दारातूनच म्हणाला, "नाही जमत. मोठं आहे." एवढंच. जसं काही चपलेचं माप होतं. ठकूने विचारलं, "मग मी आता बिस्किट खाऊ?" आणि खाल्लं. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

चिडायचं कुणावर, हेच कळत नाही. आमच्या शाळेच्या चॅपेलमध्ये शिकवलं होतं की मागायचं ते स्पष्ट शब्दांत मागावं. पन्नासच्या वर दिवस मी हात जोडते आणि शब्दांपाशी अडते. दुसऱ्या कुठल्या तरी घरातलं मूल... पुढचं वाक्य मला मनातही पुरं करता येत नाही. म्हणून मी फक्त म्हणते, म्हैस चालू दे. आज चालू दे. तेवढंच मागते.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. दोनदा सुरुवात केली, दोनदा कागद बदलला. राहू दे. मोठ्या सिस्टर आल्या आहेत.

सोमवारचं तेवढं बघा.

तुमची विहीण


शनिवार, ता. १८
सकाळचे अकरा

विहीणबाई,

आज तुमचा मुलगा आला आहे. उद्या सकाळी परत निघेल तेव्हा हे पत्र त्याच्या हाती देणार आहे आणि सांगणार आहे की आईने वाचून संपवेपर्यंत समोरून उठायचं नाही. फोनवर मला खोटं अगदी सहज बोलता येतं, आवाजही चढत नाही. कागदावर जमत नाही. म्हणून मागच्या दोन पत्रांत मी खोटं बोलले नाही, फक्त पळ काढला. आता ऐका.

तुमचे डोळे उत्तम आहेत. दोन तारखेला तुम्ही बरोबर वाचलंत. चूक माझी होती.

आता सगळं सांगते, कारण चूक अशी विचित्र आहे की नुसती सांगून तुमचा विश्वास बसणार नाही.

माझ्या शाळेत मराठी बोललं की गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवायचे. दुसरं कुणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती काढायची नाही. मी दुसरीत ती पाटी तीन दिवस घातली आणि मग मराठी बोलणंच सोडलं, निदान फाटकाच्या आत. घरी आल्यावर बाकी सगळं मराठी परत यायचं, आकडे मात्र आले नाहीत. एक ते पन्नास कसेबसे येतात. पुढे सगळं धुकं. अडुसष्ट म्हटलं की मी मनात आधी इंग्रजीत शोधते, सापडत नाही, मग समोरच्याच्या तोंडाकडे बघून अंदाज करते. वडील हसायचे. म्हणायचे, "आमच्या मडमेला आठ आणि साठ एकत्र आले की घेरी येते." लग्न झाल्यावर मी हे कुणालाही कळू दिलं नाही, ह्यांनासुद्धा. भाजीवालीला इंग्रजीत आकडा सांगायचा, फोन नंबर इंग्रजीत द्यायचा. लोकांना वाटायचं, बाई फार शिकलेली आहे. मलाही तसं वाटू लागलं होतं.

इथे डॉक्टर, सिस्टर, मशीनवाला दादा, सगळे आकडे इंग्रजीत बोलतात. त्यामुळे माझं झाकून गेलं. फक्त तुम्ही मराठीत वाचायचात. नातेवाइकांच्या वहीत दर दोन तासांनी नोंद करायची, एकाने पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. तुम्ही वाचणार, मी लिहिणार, हे मीच ठरवलं. वही मी कधी तुमच्या हातात दिली नाही. का, तर माझं अक्षर वळणदार! आणि परत वाचून दाखवायचा नियम मी पहिल्या आठवड्यातच मोडला. तुम्ही म्हणालात, "वाचा बघू काय लिहिलंत," शाळेतल्या बाईंसारखं, आणि माझं टाळकं सटकलं. तेव्हापासून मी "हो, लिहिलं" म्हणून वही मिटायला लागले.

पंपाचे ठोके तेव्हा रोज पंच्याऐंशी असायचे. पंच्याऐंशी म्हणजे एटी फाइव्ह, हे मी तुमच्याकडून ऐकून ऐकून पाठ केलं होतं. त्या दिवशी मी खाली औषधं आणायला गेले असताना दादाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठोके कमी केले. ते तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. दहा वाजता तुम्ही वाचलंत, "एकोणऐंशी." मी विचार केला, पंच्याऐंशीत ऐंशी आहे, म्हणजे एटी फाइव्ह. एकोणऐंशीतही ऐंशी आहे, आणि एकोण म्हणजे एकोणीसातला नाइन, म्हणजे एटी नाइन. आणि माझ्या वळणदार अक्षरात मी ८९ लिहिलं. दहाला, बाराला आणि दोनला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीनला पाळी बदलली. नवीन सिस्टरने पडदा बघितला, तिथे ७९. वहीत तीनदा ८९. त्यांना वाटलं म्हैस आपली आपण वेग बदलते आहे. तिच्यावर भरवसा ठेवणार कसा? धावपळ झाली, दुसरं मशीन आलं, आणि नळी इकडून काढून तिकडे जोडेपर्यंत दोन मिनिटं एका सिस्टरने पंप हाताने मारला. ठकू जागी होती. तिचे ओठ आवळलेले मला अजून दिसतात. मी दाराला धरून उभी होते. तुम्ही तिच्या उशाशी गेलात आणि मोठ्याने सुरू केलंत, बे एके बे, बे दुणे चार. ठकू ओठ हलवायला लागली. आणि त्या सिस्टरचे हात तुमच्या पाढ्यावर चालायला लागले. हे त्या सिस्टरनेच मला नंतर सांगितलं.

तासाभराने मशीनच्या आतल्या नोंदी निघाल्या. दिवसभर ७९. म्हणजे मशीन बरोबर, माणूस चुकलं. मोठ्या सिस्टरांच्या खोलीत आपण दोघी उभ्या होतो.

"वाचत कोण होतं?"

तुम्ही म्हणालात, "मी. पडद्यावर होतं तेच वाचलं."

मी म्हणाले, "आणि यांनी सांगितलं तेच मी लिहिलं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "मी काय वाचलं होतं, तुम्हीच सांगा."

मी म्हणाले, "एटी नाइन."

शपथेवर सांगते, त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं. पण त्याच क्षणी मला बरंही वाटलं, हे सुद्धा खरं आहे. सहा आठवडे सगळा मजला पाढेआजी, पाढेआजी करत होता. तुम्ही चष्मा काढलात, पदराने पुसलात, परत घातला नाहीत. डबीत ठेवलात. "सात आणि आठ हल्ली थोडे सारखे दिसतात खरे," असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तो आकडा एकदा जरी मराठीत उच्चारला असता तर तिथल्या तिथे सगळं उलगडलं असतं. पण तुम्ही स्वतःवरच संशय घेतलात. तुमच्या जागी मी असते तर आधी टेबलावर हात आपटला असता.

सात तारखेला, मंगळवारी, ठकू पंपाचे ठोके मोजत बसली होती. टक्, फुस्स, एक. टक्, फुस्स, दोन. तुम्ही शंभरपर्यंत शिकवलंय ना. मी खिसा शिवत होते. "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी..."

मी म्हणाले, "चुकलीस. एकोणऐंशी अजून पुढे आहे. नव्वदच्या आधी."

तिने मोजणं थांबवलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं तुम्ही बघता. "गुडमॉर्निंगआजी, तुला येतच नाही! एकोण म्हणजे एक कमी. ऐंशीला एक कमी, एकोणऐंशी. नव्वदला एक कमी, एकोणनव्वद. सोप्पं तर आहे." आणि हसत सुटली. इतकी हसली की म्हशीने शिट्टी वाजवली आणि सिस्टर धावत आली.

माझ्या हातातली सुई बोटात गेली होती, ते मला नंतर कळलं.

तेव्हापासून आज अकरा दिवस झाले. दोन दिवसांनी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं आणि त्यात "गफलत कुणाच्याही हातून होते" असं लिहिलं. ते वाक्य तुम्ही कापून टाका, किंवा लाल शाईने खाली रेघ मारा, तुम्हाला सवय आहे. का लिहिलं विचाराल तर लाज. खोटं बोलल्याची नव्हे. ती नंतर आली. आधीची लाज ही, की ह्या वयात मला मराठीत शंभरपर्यंत मोजता येत नाही, आणि ते तुम्हाला, नेमकं तुम्हालाच, कळणार. आणि मी वाट बघत राहिले, की तुम्ही नुसत्याच येऊन लागाल कामाला आणि सांगायची वेळ येणार नाही. मग तुमचं कार्ड आलं. माझ्या एका अंकापायी तुम्ही डोळे कापून घ्यायला निघाला आहात.

काल मोठ्या सिस्टरांकडे गेले.

"सिस्टर, दोन तारखेच्या नोंदींची चूक माझी आहे. लिहिणाऱ्याची."

"आजी, तो विषय संपला. कागद पुढे गेलेत."

"पुढे म्हणजे कुठे?"

"फाइलमध्ये."

"मग मागे आणा."

"असं मागे येत नसतं हो ते." त्यांनी फाइल उघडून दाखवली. टाइप केलेलं होतं, 'वाचणाऱ्या नातेवाइकाच्या दृष्टिदोषामुळे.' विहीणबाई, ते अक्षर बघून मला तुमचा चष्म्याशिवायचा चेहरा आठवला.

मग मी त्यांना सांगितलं, एकोणऐंशीचं सगळं. पाटीपासून. त्या ओठ दाबून ऐकत होत्या. दारात फरशी पुसणारी मावशी मात्र फडका हातात धरून खो खो हसली. "अहो आजी, माझ्या नातवाचं पण अगदी असंच! तो मला म्हणतो, आज्जे, मराठीत नंबर सांगू नकोस, रॉंग नंबर लागतो." मग मोठ्या सिस्टर हसल्या, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. आयुष्यभर सिस्टर नावाच्या बायका माझी चूक काढत आल्या. पहिल्यांदाच एका सिस्टरला मी माझी चूक गळी उतरवत होते आणि ती घ्यायला तयार नव्हती.

शेवटी म्हणाल्या, "लिहून द्या. पण मग तुमचं लिहिणं बंद करावं लागेल. नियम आहे."

"करा."

"आणि त्यांची फेरपरीक्षा..."

"त्यांची कशाला? त्यांना दिसतं, हेच तर मी तासभर सांगते आहे."

त्यांनी जरा विचार केला आणि पहिल्यांदाच 'बघू' म्हणाल्या नाहीत. "ठीक आहे. त्यांचं नाव परत घालते."

वहीत त्या तीन नोंदींशेजारी मी लाल शाईने लिहिलं आहे, 'हे आकडे लिहिणारीने चुकीचे लिहिले. वाचणारीने बरोबर वाचले होते.' सही केली. अक्षर अजिबात वळणदार आलं नाही.

तेव्हा आताची स्थिती अशी. मी बाद. लेक बुधवारपासून कामावर जाणार, आणखी रजा मिळत नाही. तुमचा मुलगा आठवड्यातून एक दिवस. म्हणजे पडदा वाचायला, पंप मारायला तयार असं घरचं माणूस बुधवारपासून दिवसा एकही नाही. माशासाठी दोन हवीत. लेक संध्याकाळी येईल ती एक. दुसऱ्या तुम्ही.

मी माफी मागत नाही, कारण माफी फोनवरही मागता येते. मी एवढंच लिहून देते आहे. तुम्ही ७९ बघितलंत, तुम्ही ७९ वाचलंत, आणि ते ७९च होतं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांना हवं तर हे पत्र दाखवा. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे वर्षाने काय करायचं ते करा.

यायचं ठरवलंत तर वाचा तुम्ही, लिहाही तुम्हीच. मी म्हैस ढकलेन. त्याची परीक्षा नसते. फक्त पोरीच्या मागे दोन पावलं राहावं लागतं आणि ती थांबली की थांबावं लागतं. तुमच्या मागे राहायलाही आता माझी काही हरकत नाही.

नाही आलात तरी समजेन. ठकूला मात्र तुम्हीच कळवा, माझ्याच्याने होणार नाही. ती पाचाच्या पाढ्यात पाच सक तीसपाशी थांबली आहे आणि मला पुढे जाऊ देत नाही. रोज सकाळी माझी परीक्षा घेते. एकोणतीस म्हणजे? एकोणपन्नास म्हणजे? चुकले की पंपाच्या तालावर मान हलवते. आज आठांपैकी सात बरोबर आले. आठव्याला ती म्हणाली, "जाऊ दे, पाढेआजी आली की विचारू."

तुमची विहीण,
गुडमॉर्निंगआजी
वय एकोणसाठ. साठाला एक कमी. (ठकूकडून तपासून घेतलं आहे.)